सात वर्षांच्या लेकराचे तोंड एकदा दाखवून आणा



मे महिन्याच्या अखेरीस आमची एक ठरलेली फेरी असते. भाताचे बियाणे पेरण्याआधी मिठाच्या पाण्यात कसे बुडवायचे, ते वाडीवाडीवर जाऊन दाखवायचे. दहा लिटर पाण्यात ३०० ग्रॅम मीठ. वर तरंगेल ते पोचट म्हणून काढून टाकायचे, तळाला बसेल ते धुऊन, सुकवून पेरायचे. नोकरीला लागल्यापासून हेच दाखवतो आहे आणि तेव्हापासून निम्मी मंडळी "पुढच्या साली करू" म्हणत आली आहेत. असो.

यंदा पोलादपूरच्या वरच्या अंगाला एका वाडीवर देवळाच्या पडवीत बादली मांडून बसलो होतो. शाळेला सुट्टी, त्यामुळे पोरांचा गराडा पडलेला. काम आटोपले, चहा आला आणि एक बाई आपल्या आठ वर्षांच्या मुलीला हाताशी धरून पुढे आली.

"सायेब, तुमी शिकलेली मान्सं. हिच्या दातांचं काय करावं ते सांगा. पुढचं दोन दात बगा कसं फाकलेत. हिचा बाप मुंबईला हाय, तो म्हनतो गनपतीला येतो नि हिला नेऊन तार लावून आनतो."

"ताई, मी भाताचा डॉक्टर, दातांचा नव्हे," मी म्हटले. पण पोर आ करून उभीच राहिली, तेव्हा पाहिले. वरचे पटाशीचे दोन दात नवे, मोठे, मध्ये चांगली फट, आणि दोन्ही बाजूचे दात बाहेरच्या अंगाला कललेले. मात्र माझी नजर गेली ती खालच्या मागच्या दुधाच्या दाढेवर. तिला मसुराएवढे काळे भोक पडले होते.

"ही दुखते का ग?"

पोरीने आईकडे पाहिले. आई म्हणाली, "कदीमदी दुखती. पन ती दुधाची हाय. पडायचीच हाय न्हवं? दुखली की जराशी मिसरी दाबते."

मंडळी, आजचे हे सदर त्या दाढेसाठी लिहितो आहे. भातावर पुढच्या आठवड्यात बोलू.

मी त्या बाईला बोल लावणार नाही, कारण हीच चूक मी स्वतःच्या घरात केली आहे. आणि मी दापोलीच्या कृषी विद्यापीठातून बी. एस्सी. झालेला माणूस! माझी मुलगी सहा वर्षांची असताना तिची अशीच मागची दुधाची दाढ किडली. रात्री रडायची. मी तिला एका दवाखान्यात नेले, म्हटले काढून टाका एकदाची. ती काढली. दुसरी येईलच, असे म्हणून आम्ही घरी आलो. त्या मोकळ्या जागेचे काय करायचे, हे ना मी विचारले, ना कोणी सांगितले. पुढे काय झाले? मागची पक्की दाढ हळूहळू पुढे सरकली आणि त्या जागेवर कलून बसली. अकराव्या वर्षी जिची ती जागा ती उपदाढ वर यायला निघाली, तेव्हा तिला वाटच नव्हती. ती हिरडीत अडकून राहिली. मग तेराव्या वर्षी तारा, दोन चांगले दात काढणे, आणि अडीच वर्षे दर महिन्याला महाड ते पुणे एस. टी. ची वारी. पोरीची शाळा बुडली, माझ्या रजा गेल्या. खर्चाचे तर बोलूच नये. सहाव्या वर्षी एक लहानशी रिंग बसवली असती तर यातले पुष्कळसे टळले असते.

दुधाचा दात पडतो म्हणून तो फुकटचा नव्हे. तो खालून येणाऱ्या पक्क्या दाताची जागा धरून बसलेला असतो. शेजाऱ्याच्या बांधावरची काठी उपटली की बांध कसा सरकतो, हे तुम्हाला मी सांगायला नको! मागच्या दुधाच्या दाढा दहाव्या ते बाराव्या वर्षापर्यंत तोंडात राहायच्या असतात. त्या सहाव्या-सातव्या वर्षी किडल्या तर भरून घ्याव्यात. कीड खोल गेली असेल तर आतले साफ करून वर टोपी बसवता येते. काढावीच लागली, तर शेजारच्या दाढेला रिंग आणि तिला तारेचा फास अशी एक लहान वस्तू बसवतात. इंग्रजीत तिला स्पेस मेंटेनर म्हणतात. तिने दात सरळ होत नाहीत, ती फक्त जागा राखते. पक्का दात वर आला की ती काढून टाकायची.

आता तोंडातले पंचांग थोडक्यात सांगतो. दुधाचे दात वीस. साधारण सहाव्या महिन्यात सुरुवात आणि अडीच-तीन वर्षांपर्यंत पुरे. सहाव्या वर्षाच्या आसपास सगळ्यांच्या मागे एक नवी दाढ येते. तिच्यासाठी कोणताही दुधाचा दात पडत नाही, म्हणून पुष्कळ घरांत तीही दुधाचीच समजली जाते आणि किडू दिली जाते. ती पक्की दाढ आहे. गेली की गेली. पटाशीचे पक्के दात सहा ते नऊ वर्षांच्या दरम्यान, उपदाढा दहा ते बारा, वरचे सुळे अकरा-बाराच्या सुमारास, आणि दुसरी पक्की दाढ बाराव्या वर्षाला. अक्कलदाढेचे सोडा, ती अक्कल आल्यावरही येत नाही कधी कधी!

सातव्या वर्षी पुढचे काही दात आणि मागची पक्की दाढ दोन्ही आलेली असतात. वरचा जबडा खालच्यावर नीट बसतो की नाही, जागा पुरेल की नाही, याचा अंदाज जाणकाराला तेव्हा येतो. एक्स-रे काढला तर हाडात पुढचे दात आहेत की नाहीत, कोणत्या दिशेने निघाले आहेत, तेही दिसते. अमेरिकेतली दात सरळ करणाऱ्या तज्ज्ञांची संघटना म्हणूनच सांगते की मूल सात वर्षांचे होईपर्यंत एकदा तपासून घ्यावे. तपासून घ्यावे, एवढेच. सातव्या वर्षी तारा लावा, असा त्याचा अर्थ नाही. आणि इथेच आपली गल्लत होते. काही जण पंधराव्या वर्षापर्यंत फिरकत नाहीत आणि काही जण, विशेषतः चार पैसे हाती आलेले चाकरमानी, आठव्या वर्षीच तारेची घाई करतात.

त्या पोरीच्या फटीचेच घ्या. सात ते अकरा वर्षांच्या दरम्यान पुष्कळ मुलांच्या वरच्या दोन दातांत अशी फट असते आणि बाजूचे दात पंख्यासारखे फाकलेले असतात. वर हाडात बसलेले सुळे त्या दातांच्या मुळांना दाबत असतात, म्हणून हे होते. सुळे खाली उतरले की बहुतेकांची फट आपोआप मिटते. दंतवैद्य या काळाला बदकाच्या कुरूप पिल्लाचा काळ म्हणतात. क्वचित दोन दातांच्या मध्ये हाडात एखादा जास्तीचा दात दडलेला असतो किंवा ओठाची शीर जाड असते. ते पाहण्यासाठी एक एक्स-रे पुरे. कोणी म्हणते फट असली की पैसा येतो. माझ्या माहितीत अशी फट असलेले तिघे आहेत, तिघांनाही सोसायटीच्या नोटिसा आलेल्या आहेत.

मग थांबू नये असे काय? तेही सांगतो, कारण थांबायला सांगणारेही चुकतात.

वरचे दात खालच्या दातांच्या थोडे बाहेर बसायला हवेत. पुढचा एखादा वरचा दात खालच्या दाताच्या आत अडकून बसला असेल, तर चावताना खालच्या दातावर सारखा मार बसतो आणि त्याची हिरडी खाली सरकू लागते. हे लवकर सुधारावे. साध्या काढघालीच्या प्लेटने बहुधा काही महिन्यांत काम होते. तसेच एका बाजूच्या दाढा उलट्या बसत असतील आणि तोंड मिटताना मुलाची हनुवटी एका अंगाला सरकत असेल, तर तेही लवकर दाखवावे. वाढत्या वयात जबडा रोज वाकडा मिटला, तर तो वाकडा वाढण्याचा संभव असतो. टाळू अरुंद असेल तर स्क्रूच्या प्लेटने तो रुंद करतात. टाळूच्या मधला सांधा लहानपणी कच्चा असतो, वयात आल्यावर तो घट्ट होत जातो. म्हणून हे काम मिसरूड फुटण्याच्या आधीचे.

खालचा जबडाच पुढे आहे, हनुवटी बाहेर आणि वरचे दात आत, असे काही घराण्यांत चालत आलेले असते. आजोबांचा चेहरा आणि नातवाचा चेहरा एकच. अशा मुलाला आठ-दहा वर्षांच्या आत नेले तर तोंडापुढे लावायच्या चौकटीने वरचा जबडा पुढे ओढून घेता येतो. रोज बारा-चौदा तास ती लावायची, म्हणजे मुख्यतः घरी आणि झोपेत. पण खरे सांगायचे तर यात हमी नाही. मूल वाढता वाढता खालचा जबडा पुन्हा पुढे येऊ शकतो. शेवटचा निकाल वाढ थांबल्यावरच कळतो.

आणि सर्वांत जास्त दिसणारा प्रकार, म्हणजे वरचे दात बाहेर. पोरे चिडवतात, पोर हसताना तोंडावर हात धरते. याबाबत दंतवैद्यांमध्येच वर्षानुवर्षे वाद होता. काहींचे म्हणणे आठव्या-नवव्या वर्षी एकदा आणि मोठेपणी पुन्हा, असा दोन टप्प्यांत उपचार करावा. काहींचे म्हणणे बारा-तेराव्या वर्षी एकदाच करावा. मग त्यांनी आपण शेतात करतो तसाच प्रयोग केला. कर्जतच्या भात संशोधन केंद्रात एका वाफ्यात खत आणि शेजारच्यात नाही असे ठेवून तुलना करतात ना, तसे. नॉर्थ कॅरोलिना आणि फ्लोरिडा येथे, आणि पुढे इंग्लंडात मँचेस्टरच्या मंडळींनी, चिठ्ठ्या टाकाव्यात तशी मुलांची विभागणी केली. काहींना लवकर उपचार, काहींना नाही, आणि सगळ्यांना वाढत्या वयापर्यंत पाहिले. या सगळ्याचा एकत्र हिशेब कॉक्रेन या संस्थेने मांडला. शेवटी दोन्ही गटांचे दात आणि जबडे जवळपास सारखेच निघाले. म्हणजे दोनदा मशागत करून उतारा तेवढाच! मात्र एक फरक राहिला. ज्यांचे दात लवकर आत घेतले, त्यांच्या पुढच्या दातांना पडझडीत इजा कमी झाली.

आपल्याकडे हा फरक लहान समजू नका. आपली पोरे बांधावरून, कातळावरून, नदीच्या धोंड्यांवरून धावतात. बाहेर आलेला दात पहिला आपटतो. स्कॉटलंडचे डॉ. विल्यम क्लार्क यांनी १९७७ साली ट्विन ब्लॉक नावाची प्लेट काढली. ती आज जगभर वापरतात. तिचा पहिला रोगी त्यांच्या एका दंतवैद्य सहकाऱ्याचाच मुलगा होता. तो पडला आणि त्याचा वरचा पुढचा दात निखळला, तेव्हा खालचा ओठ दातांच्या मागे जाऊ नये म्हणून त्यांनी ही युक्ती योजली. म्हणून दात फारच बाहेर असतील आणि पोर धडपडे असेल, किंवा चिडवण्यामुळे शाळेत जायलाच तयार नसेल, तर लवकर उपचार घ्यावा. नाहीतर खालचा जबडा वाढीला लागतो त्या वयाची, म्हणजे मुलींमध्ये साधारण दहा-बारा आणि मुलांमध्ये बारा-चौदा वर्षांची, वाट पाहावी.

जाता जाता एक गोष्ट सांगून ठेवतो. मुलाचा पक्का दात पडझडीत मुळासकट निघून आला, तर तो टाकू नका. मुळाला हात न लावता वरच्या भागाला धरा, माती लागली असेल तर पाण्याची एक हलकी धार सोडा, घासू नका, आणि शक्य तर त्याच खाचेत बसवून द्या. जमत नसेल तर कपभर दुधात टाका आणि तासाच्या आत दंतवैद्य गाठा. दूध तर आपल्या घरी असतेच. दुधाचा दात मात्र परत बसवायचा नाही, तो कौलावर टाकलात तरी चालेल.

अंगठा चोखण्याविषयी भगिनी नेहमी विचारतात. तीन-चार वर्षांपर्यंत काळजी नको. पक्के दात येऊ लागले तरी सवय सुटली नाही, तर वरचे दात बाहेर ढकलले जातात, टाळू अरुंद होतो आणि पुढचे दात मिटतच नाहीत. पण म्हणून अंगठ्याला मिरची लावू नका, चार लोकांत लाजवू नका. रात्री हाताला मऊ फडके बांधावे, न चोखलेल्या दिवसाची भिंतीवर खडूने रेघ मारावी, दहा रेघा झाल्या की आवडीचे काही करून द्यावे. आणि मूल सदा तोंड उघडे ठेवून श्वास घेत असेल, झोपेत घोरत असेल, तर दातांच्या आधी नाक-कान-घशाच्या डॉक्टरांना दाखवा. नाकामागच्या गाठी वाढलेल्या असू शकतात. नाचणीची भाकरी खाऊन दात सरळ होतात का, असेही एका आजींनी विचारले होते. नाचणी जरूर द्या, हाडाला चांगली, पण वाकडा दात तिने सरळ होत नाही. आणि मिसरी म्हणजे भाजलेली तंबाखू. लहान पोराच्या हिरडीला ती लावू नये, आणि मोठ्यांनीही सोडावी.

टप्प्याटप्प्यानेच करावा लागतो असा एक उपचार मात्र आहे, तो फाटलेल्या ओठाचा आणि टाळूचा. ग्रहणात आईने विळीवर काही चिरले म्हणून असे मूल होते, ही समजूत अजून आपल्या भागात आहे. ती साफ खोटी आहे आणि त्या आईवर अन्याय करणारी आहे. मूळचे पंढरपूरचे डॉ. शरदकुमार दीक्षित अमेरिकेत स्थायिक झाले, पण १९६८ पासून दरवर्षी भारतात येऊन फुकट शिबिरे घेत आणि अशा मुलांचे ओठ शिवत. २००१ साली त्यांना पद्मश्री मिळाली, २०११ साली ते गेले. पण ओठ शिवला म्हणजे काम संपले, असे समजून पुष्कळ घरे तिथेच थांबतात. ओठ पहिल्या काही महिन्यांत, टाळू साधारण वर्ष-दीड वर्षाच्या सुमारास, मग आठ ते अकराच्या दरम्यान जबडा रुंद करून हिरडीच्या फटीत हाड भरणे, तेही सुळा खाली येण्याआधी, आणि नंतर तारा. एक टप्पा चुकला की पुढचा कठीण होतो. अशा मुलाची नोंद अंगणवाडीत जरूर करा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम, जो २०१३ च्या फेब्रुवारीत आपल्याच राज्यात पालघरला सुरू झाला, त्याचे पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा येते. फाटलेला ओठ आणि दातांचे आजार दोन्ही त्यांच्या यादीत आहेत. पथक येईल त्या दिवशी पोराला शेतावर नेऊ नका.

आता जायचे कुठे? पोलादपूरकरांना सर्वांत जवळ खेडचे योगिता दंत महाविद्यालय. कशेडीचा बोगदा झाल्यापासून तो घाट आता पूर्वीसारखा राहिलेला नाही. पनवेलच्या अंगाला कामोठ्याला एम. जी. एम. चे दंत महाविद्यालय आहे. मुंबईत शासकीय दंत महाविद्यालय आणि नायर रुग्णालयाचे दंत महाविद्यालय आहे. दंत महाविद्यालयात या विषयाचा स्वतंत्र विभाग असतो. खाजगी दवाखान्यात गेलात, तर याच विषयात एम. डी. एस. केलेले डॉक्टर आहेत का, हे विचारायला संकोच करू नका. बियाण्याच्या पिशवीवरचे लेबल वाचता, तसेच हे. आणि आत्ताच का, दोन वर्षे थांबलो तर काय बिघडेल, मोठेपणी पुन्हा तारा लागतील का, सगळे मिळून किती पैसे आणि किती खेपा, हे सुरुवातीलाच विचारून घ्या. चांगला डॉक्टर या प्रश्नांनी रागावत नाही.

खेपांचे विशेष सांगतो. महाड तालुक्यात माझ्या ओळखीच्या एका घरी चाकरमानी बापाने मे महिन्यात पोराला मुंबईला नेऊन प्लेट बसवून आणली. जूनला शाळा सुरू झाली, पोरगा गावी आला. प्लेट टोचू लागली. आईला काय करायचे ठाऊक नव्हते, मुंबईचा डॉक्टर दूर. प्लेट कोनाड्यात पत्र्याच्या डबीत गेली. गणपतीला बाप आला, डबी उघडली, तर प्लेट तोंडात बसेना. दात सरकले होते आणि पैसे गेले होते. मूल जिथे राहते तिथून दर महिन्याला जाता येईल, अशाच ठिकाणी उपचार सुरू करावा, मग डॉक्टर मुंबईएवढा नावाजलेला नसला तरी चालेल. लावणीच्या दिवसांत कोण नेणार, हेही आधी घरात ठरवावे. बसवलेल्या तारा कोणी न पाहता तशाच राहिल्या आणि घासल्या गेल्या नाहीत, तर त्यांच्या कडेने कीड लागते.

देवळाच्या पडवीत मी एवढे सगळे बोललो नाही. बाईला इतकेच म्हटले, की तारेचे राहू दे, पाऊस लागण्याआधी पोरीला खेडला ने आणि ही दाढ दाखव.

ती गेली. पेरण्या आटोपल्यावर जून अखेरीस पुन्हा त्या वाडीवर गेलो, तेव्हा तिने पोरीला आ करायला लावून दाखवले. एक्स-रे काढला होता. दाढ आतून साफ करून भरली होती आणि तिच्यावर टोपी बसवली होती. पुढच्या फटीला हात लावलेला नव्हता; सुळे आल्यावर बघू, असे डॉक्टरांनी सांगितले होते. मागच्या पक्क्या दाढेवरही काळा ठिपका सापडला, तो बाईंना दिसलाच नव्हता आणि मलाही नाही. तोही भरला.

"मंग तारेचं पैसं?" मी विचारले.

"हायेत तसंच," ती म्हणाली. "हिच्या बापाला कळवलंय, गनपतीला नुसता ये म्हनून."

पुन्हा दाखवायला दिवाळीनंतर, भातकापणी उरकली की जायचे आहे. ती तारीख तिने दारामागच्या कॅलेंडरवर पोरीकडून लिहून घेतली आहे.